स्ट्रोकसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य: मुंबईतल्या उपनगरी रुग्णालयाने त्यातलं नेमकं काय घ्यावं?

पारिजातक

नमस्कार मंडळी,

पूर्व उपनगरातल्या एका दोनशे खाटांच्या सार्वजनिक रुग्णालयासाठी आणि त्याच्या हद्दीतल्या दवाखान्यांसाठी पक्षाघाताचा आराखडा लिहायचा आहे. सीटी स्कॅन चोवीस तास चालतो, मेडिसिनचे डॉक्टर रात्रीही असतात, न्यूरॉलॉजिस्ट आठवड्यातून दोनदा येतात. कॅथलॅब (नसेत नळी घालून उपचार करायची खोली) नाही, त्यामुळे मोठ्या नसेतली गुठळी काढायची असेल तर पेशंट पुढे पाठवावा लागतो.

वाचन बरंच झालंय. वर्ल्ड स्ट्रोक ऑर्गनायझेशन आणि लॅन्सेट न्यूरॉलॉजी यांच्या आयोगाचा २०२३ चा अहवाल पाहिला. २०२० मध्ये जगात स्ट्रोकने ६६ लाख मृत्यू झाले, २०५० पर्यंत ते ९७ लाखांवर जातील असा त्यांचा अंदाज आहे. पाहणी, प्रतिबंध, तातडीचे उपचार आणि पुनर्वसन असे चार खांब ते सांगतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचं हार्ट्स पॅकेज (दवाखान्यांतून बीपी आणि हृदयविकार आटोक्यात ठेवण्यासाठी), एंजल्स उपक्रम (रुग्णालयांना स्ट्रोकच्या तातडीच्या उपचारासाठी तयार करणारा), रेस-क्यू नोंदणी (स्ट्रोकच्या उपचारांचा दर्जा मोजणारी), युरोपचा २०१८ ते २०३० चा स्ट्रोक कृती आराखडा. पहिल्या वर्षात यातलं काय हातात घ्यायचं, कशात नाव नोंदवायचं, आणि परदेशी संस्थेशी जोडून घ्यायचं तर कोणत्या परवानग्या लागतात? कामाच्या पातळीवरचं उत्तर हवंय.

सायन_सर्कल

चांगला विषय काढलात. परदेशी रुग्णालयाशी करार करण्यावर पहिलं वर्ष घालवू नका. समान व्याख्या, समान औषधयादी आणि समान मोजमाप आयतं मिळतं, हा अशा सहकार्याचा खरा फायदा. ते घ्यायला करार लागत नाही.

वर्ल्ड स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या आराखड्यात सेवांच्या तीन पायऱ्या आहेत: किमान, आवश्यक आणि प्रगत. सीटी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याची सोय असल्यामुळे तुम्ही मधल्या पायरीवर बसता. त्या पायरीची यादी काढा आणि आपल्याकडे काय नाही तेवढंच आराखड्यात लिहा. कॅथलॅबची मागणी त्यात घुसवलीत तर बाकी सगळं त्या मंजुरीची वाट पाहत पडून राहील.

तातडीच्या उपचारात डोअर टू नीडल, म्हणजे दारात आल्यापासून इंजेक्शनपर्यंतची वेळ, हा एकच आकडा वर्षभर धरून ठेवा. एंजल्सच्या पुरस्कारांचे निकष इथे उद्दिष्ट म्हणून वापरता येतात. सुवर्ण पातळीला इंजेक्शन दिलेल्या पेशंटपैकी निम्म्यांना दारात आल्यापासून ६० मिनिटांत ते मिळालेलं असावं लागतं, प्लॅटिनमला ७५ टक्क्यांना. डायमंडला त्याखेरीज निम्म्यांना ४५ मिनिटांच्या आत.

आता वेळ जातो कुठे? औषधात जात नाही, केसपेपरमध्ये जातो. नातेवाईक खिडकीवर रांगेत, पेशंट स्ट्रेचरवर, आणि नंबर पडल्याशिवाय सीटीचा फॉर्म पुढे सरकत नाही. यावर उपाय साधा आहे: 'स्ट्रोक १', 'स्ट्रोक २' असे आधीच नंबर टाकलेले केसपेपर, सीटीचा फॉर्म, रक्ताच्या नळ्या आणि वेळा लिहायचा कागद एका पाकिटात घालून कॅज्युअल्टीत ठेवा. खरं नाव आणि पत्ता नंतर जोडला जातो. पैसे भरण्याची अट स्ट्रोकसाठी मागाहून, हा लेखी आदेश अधीक्षकांच्या सहीने भिंतीवर हवा. तोंडी सांगितलेलं रात्रपाळीला टिकत नाही.

१०८ वाल्यांनी निघतानाच फोन करायचा. पेशंट आला की ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवरूनच सीटीकडे. वाटेत ग्लुकोमीटरने साखर, बीपी, सुई आणि वजन. इंजेक्शनच्या आधी साखरेचाच रिपोर्ट हातात असावा लागतो. ५० च्या खाली गेलेली साखर हुबेहूब पक्षाघातासारखी दिसू शकते. आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीची) वाट फक्त वॉरफेरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असलेल्या किंवा रक्तस्रावाचा विकार माहीत असलेल्या पेशंटसाठी पाहायची. औषधाचा ट्रे सीटीच्या खोलीतच ठेवा. सीटीत रक्तस्राव नाही असं दिसलं की तिथेच, टेबलावर.

लक्षणं सुरू झाल्यापासून ४.५ तासांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते, पण ती मोजायची कुठून हे चुकतं. सकाळी उठल्यावर हात लुळा पडलेला दिसला तर घड्याळ रात्री तो माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथून चालू होतं, उठल्यापासून नाही.

इंजेक्शनच्या आधी बीपी १८५/११० च्या खाली हवं. लॅबेटॅलॉल १० मिलिग्रॅम शिरेतून एक-दोन मिनिटांत, गरज पडली तर पुन्हा. निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडायची जुनी सवय कॅज्युअल्टीतून पूर्ण बंद करा. बीपी एकदम कोसळतं आणि मेंदूचा जो भाग वाचवायचा असतो त्यालाच रक्त कमी पडतं. इंजेक्शननंतर २४ तास बीपी १८०/१०५ च्या खाली. नोंद पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर अर्ध्या तासाने, मग तासाला. दुसरा सीटी होईपर्यंत ॲस्पिरिन नाही. आणि उलटंही लक्षात ठेवा: गुठळीचा झटका आहे पण इंजेक्शन देता येत नाही, अशा पेशंटचं बीपी पहिल्या दिवशी २२०/१२० च्या वर गेल्याशिवाय सहसा उतरवायचं नसतं.

रक्तस्रावाचा स्ट्रोक आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त प्रमाणात दिसतो आणि युरोपचे आराखडे वाचून केलेल्या योजनांत नेमका तोच हरवतो. इथे इंटरॲक्ट-३ वाचा. भारतासह दहा देशांत झालेला हा अभ्यास, त्यातले नऊ देश कमी आणि मध्यम उत्पन्नाचे, सात हजारांवर पेशंट, २०२३ मध्ये प्रसिद्ध. वरचं बीपी तासाभरात १४० च्या खाली, साखर मधुमेह नसेल तर ११० ते १४० आणि असेल तर १४० ते १८०, ताप ३७.५ सेल्सियसच्या वर नाही, वॉरफेरिनवर असेल तर आयएनआर १.५ च्या खाली. हे चारही एकत्र केल्यावर सहा महिन्यांनंतरची अवस्था सुधारली. तुमच्या रुग्णालयात यासाठी नवं यंत्र एकही लागत नाही.

गुलबक्षी

सायन_सर्कल यांनी नर्सिंगचा भाग सोडलाय, तो जोडते.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या १९ स्ट्रोक युनिट्समध्ये नर्सेसनी ताप, साखर आणि गिळणं या तीनच गोष्टी नियमाने सांभाळल्या, तर ९० दिवसांनी मृत्यू किंवा परावलंबन लक्षणीय कमी झालं (२०११). पुढे हीच पद्धत युरोपातल्या १७ देशांत नेली गेली. आपल्या वॉर्डात ती एका पानाच्या तक्त्यावर बसते: पहिले ७२ तास दर चार तासांनी ताप, साखर ठरलेल्या वेळी, आणि गिळण्याची चाचणी झाल्याशिवाय तोंडातून काहीही नाही. औषधाची गोळीसुद्धा नाही.

चाचणी अशी. पेशंट पूर्ण जागा आहे आणि खाट वर करून ताठ बसलाय हे आधी पाहायचं. खोकून दाखवायला सांगायचं. चमच्याने पाणी तीनदा, प्रत्येक वेळी घशावर बोट ठेवून कंठ वर जातो का ते बघायचं, मग 'आ' म्हणायला लावायचं. आवाज ओलसर, घोगरा झाला, खोकला आला, ओठाच्या कडेने पाणी ओघळलं, धाप लागली, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं, 'तोंडातून काही नाही' ची पाटी खाटेला लावायची आणि रायल्स ट्यूबचा (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीचा) निर्णय डॉक्टरांवर सोपवायचा. तिन्ही चमचे नीट गेले तर अर्धा पेला.

बिघडतं कुठे, तर भेटीच्या वेळेत. घरची मंडळी प्रेमाने चहा-बिस्किट भरवतात, मामीने आणलेलं नारळपाणी देतात, आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. म्हणून पाटी मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात हवी. आणि नातेवाईकांना 'देऊ नका' एवढंच सांगून भागत नाही, का नाही ते सांगावं लागतं.

हिरवी_नोंदवही

नोंदणी आणि परवानग्यांबद्दल.

रेस-क्यू २०१६ मध्ये युरोपात सुरू झाली आणि आता अनेक देशांतली रुग्णालयं ती वापरतात. तिचे रकाने पाहून कागदी नमुना आधी तीन महिने चालवा, मगच संगणकावर भरा. भरणारी व्यक्ती नक्की करा. रेसिडेंट बदलले की नोंदणी बंद पडते, त्यामुळे कायम पदावरची सिस्टर किंवा नोंदणी लिपिक बरा. आणि निवडक पेशंट नकोत. महिनाभरातला प्रत्येक स्ट्रोक आला पाहिजे, इंजेक्शन न दिलेला आणि दगावलेलाही, नाहीतर आकडे सुंदर दिसतील आणि उपयोग शून्य.

एक बारीक गोष्ट, पण हमखास घोटाळा करणारी: कॅज्युअल्टीचं भिंतीवरचं घड्याळ, सीटीच्या कॉन्सोलची वेळ आणि सिस्टरच्या मोबाइलची वेळ यांत सात-आठ मिनिटांचा फरक सहज असतो. मग 'इंजेक्शन सीटीच्या आधी दिलं' अशा नोंदी दिसतात. दर सोमवारी तिन्ही घड्याळं मोबाइलच्या वेळेला लावायची, एवढं काम कुणाकडे तरी नावाने द्या.

परवानग्या. स्वतःच्या सेवेचा दर्जा मोजणं आणि संशोधन, ही दोन कामं कागदावर वेगळी ठेवा. संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे दोन्ही दाखवा. परदेशी निधी किंवा परदेशी संस्थेबरोबर संशोधन असेल तर आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत चालणाऱ्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मंजुरी लागते. उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद, तीही पहिला पेशंट घेण्याआधी. मदतीला एखादी स्वयंसेवी संस्था असेल आणि ती परदेशी पैसा घेणार असेल तर एफसीआरए (परदेशी निधीचा कायदा) नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. 'एका संस्थेने घ्यायचं आणि चार संस्थांना वाटायचं' अशी जुनी रचना प्रस्तावात असेल तर ती आत्ताच बदला. नाव, पत्ता, मोबाइल नंबर परदेशी सर्व्हरवर जाता कामा नये. कोणता क्रमांक कोणत्या पेशंटचा ही यादी रुग्णालयातच कुलूपबंद.

मुंबईपुरतं एक उदाहरण आवर्जून वाचा. डॉ. पी. एम. दलाल यांच्या नेतृत्वाखाली इथे लोकवस्तीवर आधारित स्ट्रोक नोंदणी झाली होती, जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स-स्ट्रोक पद्धतीने. लाख लोकांमागे वर्षाला साधारण १४५ नवे स्ट्रोक हा आकडा तिथून आला, आणि पहिल्या २८ दिवसांत जवळपास ३० टक्के दगावले. पद्धत जगाची आणि गल्ल्या मुंबईच्या, म्हणून तो आकडा आज इतर शहरांच्या शेजारी ठेवता येतो.

रानजाई

वरचं सगळं खरं आहे, पण माझं मत वेगळं आहे. आराखड्यातली निम्म्याहून जास्त पानं दवाखान्यांवर जायला हवीत.

इंटरस्ट्रोक या ३२ देशांतल्या अभ्यासात बदलता येण्यासारखे दहा घटक जवळजवळ ९० टक्के स्ट्रोकच्या मुळाशी दिसले, आणि त्यात पहिला क्रमांक बीपीचा. मुंबई महापालिकेने २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स पद्धतीने केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयोगटातल्या ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब निघाला. दर तिसरा माणूस. तुमच्या सीटीपर्यंत यातला कोण पोहोचणार हे आज दवाखान्यात ठरतंय.

यासाठी नमुना तयार आहे. २०१७ पासून भारतात चाललेला उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम, म्हणजे आयएचसीआय, हा हार्ट्स पॅकेजवरच बेतलेला. आयसीएमआर, आरोग्य मंत्रालय, जागतिक आरोग्य संघटना आणि रिझॉल्व्ह टू सेव्ह लाइव्ह्ज यांचं एकत्र काम. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. त्याचा गाभा एवढाच: गोळ्यांचा ठरलेला क्रम, गोळ्यांचा अखंड पुरवठा, काम नर्सपर्यंत वाटलेलं, आणि दर तिमाहीला मोजणी.

गोळ्यांचा क्रम राज्यानुसार थोडा बदलतो, पण चाल अशी: ॲम्लोडिपिन ५ ने सुरुवात, महिन्याने बीपी १४०/९० च्या खाली नसेल तर टेल्मिसार्टन ४० जोडायचं, मग डोस वाढवायचे, शेवटी क्लोरथॅलिडोन १२.५. प्रत्येक डॉक्टरने आपल्या पसंतीची वेगळी गोळी लिहिली की खरेदीचं गणितच बसत नाही. हजार पेशंट ॲम्लोडिपिनवर असतील तर महिन्याला ३० हजार गोळ्या, तीन महिन्यांचा साठा धरला तर ९० हजार. हा आकडा इंडेंटमध्ये (औषधांच्या मागणीपत्रात) लिहिलेला हवा.

मुंबईची स्वतःची एक अडचण आहे. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात अर्धी वस्ती गावी जाते, आणि ३० दिवसांच्या गोळ्या रत्नागिरीत किंवा जौनपुरात संपतात. तिथला दवाखाना दुसरंच काही देतो किंवा काहीच नाही. अशा वेळी बीपी आटोक्यात असलेल्याला ६० किंवा ९० दिवसांच्या गोळ्या द्या, आणि कार्डावर औषधाचं मूळ नाव व डोस मराठी आणि हिंदीत लिहा. नियंत्रण मोजताना गेल्या तीन महिन्यांत न आलेला पेशंट 'नियंत्रणात नाही' असाच धरायचा. हा नियम कडक वाटतो, पण तो सोडला की टक्केवारी फसवी होते.

बीपी मोजण्यातही सैल राहू नका. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, हात हृदयाच्या उंचीवर, जाड दंडाला मोठा पट्टा. जिना चढून आलेल्याचं लगेच मोजलं तर नको त्याला गोळी सुरू होते.

मिठाबद्दल: चीनमधल्या ६०० गावांतला २०२१ चा अभ्यास पाहा. ७५ टक्के सोडियम आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ वापरल्याने स्ट्रोक १४ टक्क्यांनी घटले. मात्र किडनीचा आजार असलेल्यांना किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं घेणाऱ्यांना हे मीठ सरसकट सुचवू नका. आणि मुंबईत पापड, लोणचं, फरसाण आणि सुकी मासळी यांतून जाणारं मीठ यात बदलत नाही, त्यावर वेगळं बोलावं लागेल.

नाडी बघायला विसरू नका. अनियमित लागली तर ईसीजी. आणि जिथे संधिवाती तापाने झडप अरुंद झाली आहे आणि सोबत एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) आहे, तिथे नव्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा मोह टाळा. २४ देशांतल्या इनव्हिक्टस अभ्यासात (२०२२) जुनं वॉरफेरिनच सरस ठरलं. आपल्याकडे असे पेशंट अजून आहेत.

पारिजातक

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. गुठळी विरघळवणाऱ्या टेनेक्टेप्लेजचा डोस भारतात ०.२ आणि बाहेर ०.२५ मिलिग्रॅम प्रति किलो असा दिसतो, कोणता लिहायचा? आणि एंजल्समागे औषध कंपनी आहे, त्याचं काय करायचं?

सायन_सर्कल

डोस: तुमच्या भांडारात जे उत्पादन येतं त्याच्या भारतीय मंजुरीचा डोस आणि तुमच्या न्यूरॉलॉजिस्टचा लेखी निर्णय, दोन्ही पाहून एकच ठरवा. ६० किलोच्या माणसाला ०.२ ने १२ आणि ०.२५ ने १५ मिलिग्रॅम. एकाच भिंतीवर दोन तक्ते कधीच नकोत. पण खरा धोका वेगळाच आहे. हृदयविकाराच्या झटक्यात त्याच ६० किलोच्या माणसाला हेच औषध ३५ मिलिग्रॅम देतात, आणि कॅज्युअल्टीत बहुधा तोच तक्ता लावलेला असतो. त्या डोसने मेंदूत रक्तस्राव ठरलेलाच समजा. स्ट्रोकचा ट्रे वेगळ्या रंगाचा, तक्ता ट्रेच्या झाकणाला चिकटवलेला, आणि इंजेक्शन भरताना दोघांनी मोठ्याने वाचायचं: वजन, मिलिग्रॅम, मिलिलिटर. त्याऐवजी गुठळी विरघळवणारं दुसरं औषध, अल्टेप्लेज, वापरत असाल तर ०.९ मिलिग्रॅम प्रति किलो, कमाल ९०. दहा टक्के एका मिनिटात, उरलेलं तासाभरात. ६० किलोला ५.४ आणि ४८.६. दोन्ही औषधं एकाच ट्रेमध्ये ठेवू नका.

अल्टेप्लेज स्ट्रोकसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत २०१९ मध्ये आलं, टेनेक्टेप्लेज भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत आहे. खरेदीच्या प्रस्तावात ही दोन वाक्यं घालाच, लेखापरीक्षणात कामी येतात.

एंजल्स हा बोहरिंगर इंगेलहाइमचा उपक्रम आणि अल्टेप्लेज त्यांचंच. तालीम, तपासणी-याद्या आणि पुरस्काराचे निकष जरूर घ्या, ते चांगले आहेत. पण औषध खरेदी समितीत बसणाऱ्याने त्यांच्या प्रवासखर्चावर परिषदेला जायचं नाही, हे आराखड्यातच लिहून ठेवा.

आणि पुढे पाठवायच्या पेशंटसाठी ब्राझील बघा. तिथल्या सरकारी रुग्णालयांत गुठळी काढण्याची प्रक्रिया चालेल का, हे त्यांनी आधी स्वतःच्या १२ रुग्णालयांत तपासलं (२०२०). तीन महिन्यांनी स्वतंत्रपणे वावरणारे ३५ टक्के, नुसत्या औषधांवर २० टक्के. त्यानंतर ती सरकारी आरोग्यसेवेत आणण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे महात्मा फुले योजनेत तातडीच्या पेशंटची फोनवर आगाऊ सूचना देता येते. आरोग्यमित्राचा (योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनिसाचा) नंबर त्या पाकिटावरच छापा, आणि कोणत्या मोठ्या रुग्णालयाने रात्री पेशंट घ्यायचा हे आधी लेखी ठरवा. 'खाट नाही' हे पेशंट वाटेत असताना कळणं परवडत नाही.

ताठकणा

पुनर्वसनाबद्दल थोडक्यात, कारण तो खांब सगळेच शेवटी ठेवतात. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांत जोर लावून वारंवार उभं करण्याने नुकसान दिसलं (ॲव्हर्ट अभ्यास, २०१५). म्हणजे पडून राहू द्यायचं असं नाही. थोडा वेळ, दिवसातून अनेकदा. भारतातल्या १४ रुग्णालयांत घरच्यांना शिकवून पुनर्वसन त्यांच्यावर सोपवून पाहिलं (ॲटेंड अभ्यास, २०१७), तर नेहमीच्या काळजीपेक्षा फरक पडला नाही. त्यामुळे 'घरचे करतील' या भरवशावर फिजिओथेरपिस्टचं पद आराखड्यातून गाळू नका. घरच्यांना दोन गोष्टी मात्र नक्की शिकवा: लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढायचं नाही, खांदा निखळतो, आणि चाळीतल्या भारतीय संडासासाठी वर ठेवायची खुर्ची डिस्चार्जच्या आधी घरी पोहोचलेली हवी.

हिरवी_नोंदवही

पाहणीच्या खांबासाठी राहिलेलं एक. मृत्यूच्या दाखल्यावर, म्हणजे रुग्णालयात फॉर्म ४ आणि घरी झालेल्या मृत्यूला फॉर्म ४ए, कारण म्हणून 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलं की तो स्ट्रोक आकडेवारीतून गायब होतो. नुसतं 'सीव्हीए' (स्ट्रोकचं मोघम नाव) लिहिलं तर तो आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोड-यादीतल्या आय ६४ मध्ये, प्रकार न कळलेल्यांत जातो. सीटी झालेला असताना असं होणं टाळता येतं. 'अ' ओळीत तात्काळ कारण, त्याखाली 'मेंदूतला रक्तस्राव' किंवा 'मेंदूच्या नसेतली गुठळी', त्याखाली उच्च रक्तदाब आणि तो किती वर्षांपासून.

आयसीडी-११ मध्ये स्ट्रोक हृदय-रक्तवाहिन्यांच्या प्रकरणातून मज्जासंस्थेच्या प्रकरणात गेलाय. रक्तस्राव ८बी००, गुठळी ८बी११, प्रकार न कळलेला ८बी२०. तुमच्या नोंदणीत आत्तापासून जुना आणि नवा, दोन्ही कोड शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे बदल लागू झाल्यावर मागची वर्षं पुन्हा उघडावी लागणार नाहीत.